पासवर्ड परत द्या

(इंजिनिअरिंग प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म भरून देणाऱ्या एका सल्लागारास खुले पत्र)

श्री. सल्लागार यांस,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे प्रत्येक तालुक्याच्या गावात एक-दोन बसलेले आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांना आहे. मी शासकीय तंत्रनिकेतनात शिकवतो. बारावीचा निकाल लागला की तिथल्या सुविधा केंद्रावर बसून प्रवेशाचे कागद तपासतो. तुम्ही ज्यांच्याकडून पैसे घेता ती माणसं तुमच्याकडे जाण्याआधी किंवा जाऊन आल्यावर माझ्या टेबलासमोर उभी असतात. तुमच्या कामाचा परिणाम मला दरवर्षी समोरासमोर दिसतो.

माझा पहिला आरोप असा की तुम्ही मुलांचे पासवर्ड घेता. राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेलच्या पोर्टलचं लॉगिन तुमच्याकडे, पासवर्ड तुमच्याकडे, आणि नोंदणी करताना मोबाइल नंबरही तुमच्याच ऑफिसातला टाकलेला, म्हणजे ओटीपीसुद्धा तुमच्याकडेच येणार. एका मुलाला मी सांगितलं, नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र नीट दिसत नाही, लॉगिन करून पुन्हा अपलोड कर. तो म्हणाला, "सर, ते आमच्या सरांकडे असतं. मी नाही बघितलं." त्याच्या पुढच्या चार वर्षांचा फॉर्म, आणि त्याने तो उघडूनही पाहिलेला नव्हता. शेजारी उभे असलेले वडील घाईघाईने म्हणाले, "अहो सर, आम्हाला त्यातलं काय कळतंय? ते सर करतात सगळं." तुमच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात कृतज्ञता होती. त्या कृतज्ञतेचा तुम्ही काय उपयोग करता, ते मला ठाऊक आहे, म्हणून मला राग आहे.

तुमचा सगळा धंदा एक गोष्ट न सांगण्यावर चालतो, तेव्हा ती इथे नीट लिहून टाकतो. ऑप्शन फॉर्ममध्ये मुलाला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. एक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि त्यातली एक ब्रँच. जागावाटप होतं तेव्हा संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेका उमेदवारावर येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि त्याच्या पात्रतेत बसणारी जी पहिली रिकामी जागा सापडेल ती त्याला देतो. पहिला पर्याय मिळाला नाही तर दुसरा पाहिला जातो, तोही नाही तर तिसरा. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. कटऑफपेक्षा आपले पर्सेंटाइल कमी आहेत म्हणून एखादं नाव लिहायचंच नाही, असाही काही नियम नाही. म्हणजे यादी लावायची रीत एकच. जे सगळ्यात जास्त हवं ते वर, त्याखाली त्यानंतरचं, आणि जिथे जायचंच नाही ते अजिबात लिहायचं नाही. हे समजायला दहा मिनिटं लागतात. दहावी शिकलेल्या आईला मी ते कागदावर पेनाने दाखवलं आहे, आणि तिला समजलं आहे.

तुम्ही मात्र सांगता की यादी लावणं हे "शास्त्र" आहे, एक नंबर चुकला की वर्ष गेलं. मग तुमची "सेफ लिस्ट" निघते. त्या लिस्टमध्ये वरच्या जागांवर मुलाला हवी असलेली कॉलेजं नसतात. जी संस्था तुम्हाला दर प्रवेशामागे रक्कम देते, ती एक नंबरला असते.

हे पूर्वीही वाईटच होतं, पण २०२५-२६च्या नियमांनी ते घातक झालं. त्या वर्षी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, चार फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला तरी फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथीत जे मिळेल ते. फ्रीझ झाल्यावर बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतला वरचा पर्याय मिळवण्याचा, दरवाजा बंद. ती जागा घ्या, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर व्हा. नियमाचा हेतू चांगला असेल, मुलांनी नुसत्या जागा अडवून ठेवू नयेत असा. पण या नियमात यादीचा पहिला क्रमांक म्हणजे मुलाची सही आहे, आणि ती सही तुम्ही करता.

आमच्याकडे आलेली एक मुलगी सांगतो. वडील टेम्पो चालवतात, आई अंगणवाडीत. मुलीला इलेक्ट्रिकल हवं होतं. गावातल्या सबस्टेशनवर एका मॅडमना काम करताना तिने पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं. पर्सेंटाइल चांगले होते. कराडच्या शासकीय कॉलेजात तिला ही ब्रँच मिळण्याची चांगली शक्यता होती, मागच्या वर्षीचे कटऑफ मी स्वतः पाहिले. तुमच्यापैकी एकाने तिच्या यादीत एक नंबरला टाकलं एक खासगी कॉलेज, ब्रँच आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. वडिलांना सांगितलं, "इलेक्ट्रिकलला आता काय स्कोप आहे? आणि शासकीयचं काही खरं नाही, हे पक्कं आहे." ते पक्कं होतंच. पहिल्याच फेरीत मिळालं आणि फ्रीझ झालं. ती मुलगी आई-वडिलांना घेऊन माझ्याकडे आली तेव्हा कराडची जागा तिच्यापेक्षा खालच्या मेरिटच्या कुणाला तरी गेलेली होती. तिने मला विचारलं, "सर, मी तर पहिलं कराड सांगितलं होतं, मग असं कसं झालं?" मी तिला फॉर्मची प्रिंट काढून दिली. कराड त्यात अकराव्या क्रमांकावर होतं. वडील त्या कागदाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत.

या मुलीचा प्रवेश झाला, तेव्हा तुमच्या जाहिरातीत ती "यशस्वी विद्यार्थी" म्हणून मोजली जाईल. तुमच्या फ्लेक्सवर "१०० टक्के प्रवेशाची हमी" असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात दरवर्षी इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहतात. पात्र मुलाला कुठेतरी जागा मिळणारच आहे. त्याची हमी कुणाच्या पैशावर देता?

याहून वाईट प्रकार मॅनेजमेंट कोट्याचा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. कायद्याने त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनेच भरायच्या असतात. ठरलेल्या फीवर वरून पैसे घेण्याला १९८७च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध अधिनियमाने बंदी आहे, आणि फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तरी कॅपची पहिली फेरी लागण्याआधीच तुम्ही आई-बापाला गाठता: "कॅपमध्ये तुमच्या मुलीला काही मिळणार नाही, सीट आत्ताच बुक करा, उद्या भाव वाढेल." आणि एक गोष्ट दाबून ठेवता. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यात गेलेल्या मुलीला त्यातला रुपयाही मिळत नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही तशीच, कॅपमधल्याच प्रवेशाला. एका घाबरवणाऱ्या वाक्याने तुम्ही चार वर्षांची माफी घालवता, वर पैसे घेता आणि त्याची पावती देत नाही. ज्या बापाने त्यासाठी अर्धा एकर गहाण टाकला, तो आयुष्यभर समजत राहील की सरांनी आमच्या पोरीचं भलं केलं.

भीती पेरायला तुम्हाला पर्सेंटाइल फार उपयोगी पडतं. घरी पंच्याऐंशी पर्सेंटाइल आले की आई-वडिलांना ते पंच्याऐंशी टक्के वाटतात, आणि बारावीला शेजारच्या पोराला ब्याण्णव टक्के मिळालेले असतात. खरं तर पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशींच्या बरोबरीने किंवा पुढे. एवढं सांगितलं तर समोरचा माणूस खुर्चीत जरा ताठ बसेल. तुम्ही मान हलवता आणि म्हणता, "अवघड आहे, पण बघू." मूल तिथेच बसलेलं असतं. त्याच्या कानावर आपल्या दोन वर्षांच्या कष्टांचा हा निकाल पडतो, तोही अशा माणसाकडून ज्याला ते मूल घाबरलेलंच हवं आहे.

मग येतं पॅकेज. कॉलेजच्या रंगीत पत्रकावरचा सगळ्यात मोठा आकडा तुम्ही बोट ठेवून दाखवता. तो आकडा एका विद्यार्थ्याचा असतो. विचारायचं असतं ते वेगळंच: शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती द्यावी लागते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. तुम्ही ती कधी कुणाला उघडून दाखवल्याचं मी ऐकलं नाही. शिवाय एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगल्या संस्थांना एका ब्रँचमध्ये किती जागा ठेवायच्या यावरची मर्यादा काढून टाकली, आणि कॉम्प्युटरच्या व त्याच्या नव्या नावांच्या जागा भराभर वाढल्या. ज्या ब्रँचची पहिली तुकडी अजून बाहेरच पडलेली नाही तिचं प्लेसमेंट कसं असेल? तुम्ही शेजारच्या जुन्या कॉम्प्युटर विभागाचा आकडा तिच्या नावावर खपवता. तिथे शिकवायला माणसं आहेत का, लॅब तयार आहे का, हे विचारणारा पालक तुम्हाला "जास्त शहाणा" वाटतो.

तुमच्यासारख्यांना जागा कुणी करून दिली, हेही मी विसरत नाही. माहितीपुस्तिका शेकडो पानांची, तीही इंग्रजीत. नियम दरवर्षी थोडे बदलतात. वेळापत्रक दोनदा पुढे जातं आणि मग एका रात्रीत जवळ येतं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी लोक महिनोन्‌महिने फेऱ्या मारतात, सेतू केंद्रावर सर्व्हर बंद असतो, उत्पन्नाचा दाखला आला की त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. कनिष्ठ महाविद्यालयांत दोन वर्षं मुलाला पुढचे रस्ते कोणते हे कुणी बसून सांगत नाही. जिथे इंटिग्रेटेडच्या नावाखाली प्रवेश फक्त कागदावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असतं, तिथे तर सांगणारा शिक्षकच त्याला भेटत नाही. ज्या घरात आधी कुणी डिग्रीला गेलेलं नाही त्या घराने कुणाला विचारायचं? तुमच्या दारावर पाटी होती, म्हणून ते आत आले. आणि काही सल्लागार खरोखर नीट काम करतात. ते ठरलेली फी घेतात, पावती देतात, मुलाला स्वतःच्या हाताने फॉर्म भरायला लावतात. अशा दोघांना मी ओळखतो आणि पालकांना त्यांच्याकडे पाठवतोही. त्यामुळे "मी मार्गदर्शनाचे पैसे घेतो म्हणून तुम्ही माझ्यावर चिडता," असं म्हणण्याची सोय तुम्हाला उरत नाही.

मला सर्वात जास्त खटकतं ते तुम्ही आई-वडिलांचं जे करता ते. टेबलासमोर मी मुलाला विचारतो, "काय घ्यायचंय?" उत्तर वडील देतात. पुन्हा मुलाकडे पाहून विचारतो, पुन्हा वडीलच. हे प्रेमापोटी असतं, मला ते दिसतं. त्या बापाला काहीतरी करायचं असतं पोरासाठी आणि काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही त्याला सांगता की तुझं काम पैसे देण्याचं, बाकी माझ्यावर सोड. खरं तर या दोन महिन्यांत त्याच्या वाट्याला भरपूर काम आहे आणि ते त्याच्याशिवाय कुणीच करू शकत नाही. दाखले जमवायचे. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, हे जानेवारीतच लक्षात ठेवायचं. चार वर्षांचा हिशोब मुलासमोर मांडायचा: फी, वसतिगृह, मेस, जाणं-येणं, आपल्याकडे किती आहे, किती कर्ज काढावं लागेल, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आपल्याला लागू आहे का, टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण फी माफीच्या) जागेत आपण बसतो का. बहुतेक घरांत हा हिशोब मुलापासून लपवतात, त्याला ताण नको म्हणून. मुलाला तो ताण आधीच असतो, फक्त आकडा माहीत नसतो. आकडा कळला की तो स्वतः म्हणतो, "मग पुण्याच्या आधी सांगलीचं वालचंद लिहू का?" असं म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत.

दोन कॉलेजं कामाच्या दिवशी जाऊन बघायची. मेसमध्ये बसून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचं: तास होतात का, हॉस्टेलला पाणी असतं का, मुलींना संध्याकाळी लायब्ररीतून परतताना कसं वाटतं. एका आईने नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेजात जाऊन असंच विचारलं होतं. परत आल्यावर तिने मुलीला जे जे पाहिलं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता तू लाव क्रम. मी शेजारी बसते." आई-बापाचा आधार म्हणजे काय, हे मला त्या वाक्यापेक्षा नीट सांगता येणार नाही. तुम्ही त्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला आहात. ती तुमची नाही.

आणि काही मुलं अशी असतात की त्यांनी हा फॉर्म भरूच नये, त्यांनाही तुम्ही सोडत नाही. एका मुलाला शेतीत रस होता. वडील म्हणाले, "शेतीतून बाहेर काढायलाच शिकवलं ना त्याला?" सीईटीच्याच गुणांवर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांची दारं उघडतात, दापोलीच्या विद्यापीठाचंच रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. पण तिथून तुम्हाला काही मिळत नाही, म्हणून तुम्ही त्याला मेकॅनिकलच्या रिकाम्या जागेवर बसवलंत. मूलभूत विज्ञान आवडणाऱ्या, गणित आवडणाऱ्या, अर्थशास्त्र शिकायचं म्हणणाऱ्या मुलांचंही तुम्ही हेच करता. घरचे विचारतात, "त्याचं पुढे काय?" आणि तुम्ही, ज्यांच्याकडे उत्तर आहे असं ते मानतात, नुसते हसता. त्या हसण्याने किती मुलांनी आपली इच्छा पुन्हा कधी बोलून दाखवली नाही, याची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

आता मागणी. तुमच्याकडे ज्या मुलांची लॉगिनं आहेत ती आजच्या आज परत करा. पासवर्ड बदलून द्या, मोबाइल नंबर त्यांच्या घरचा टाकून द्या. ज्या संस्थांकडून तुम्हाला पैसे मिळतात त्यांची यादी तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर मराठीत लावा. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या. पुढची फेरी लागण्याआधी प्रत्येक मुलाला त्याचा फॉर्म त्याच्यासमोर वाचून दाखवा, पहिले सहा पर्याय तरी, आणि प्रत्येकाला विचारा की उद्या हेच मिळालं आणि फ्रीझ झालं तर तू जाशील का.

मी माझ्याकडून काय करणार तेही सांगतो. ऑप्शन फॉर्म उघडतील त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच ते सात आमच्या इमारतीतला तळमजल्यावरचा ड्रॉइंग हॉल उघडा राहील. मी आणि माझे दोन सहकारी तिथे असू. फी नाही. मुलाने यायचं, सोबत आई किंवा वडील, एक वही, मागच्या वर्षीचे कटऑफ आम्ही छापून ठेवू. फॉर्म मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या हाताने भरेल. तुमच्या सेफ लिस्ट घेऊन काही जण येतील, दरवर्षी येतात. तुम्हीही या. त्यांच्यासमोर बसा आणि एक नंबरचं कॉलेज एक नंबरला का आहे, ते त्या मुलीला समजावून सांगा.

आपला,
सुविधा केंद्रावर कागद तपासणारा एक शिक्षक